फाटलेले शीड आणि सुईदोरा : सागर परिक्रमांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

प्रास्ताविक

शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या भारतीयांचा इतिहास गेल्या चार दशकांतील आहे. १९८५ ते १९८७ या काळात भारतीय सेनेच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' या नौकेतून ही प्रदक्षिणा प्रथम पूर्ण केली. त्यानंतर नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे (२००९-१०) आणि अभिलाष टॉमी (२०१२-१३) यांनी 'म्हादेई' या नौकेतून एकट्याने, तर नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी (२०१७-१८) आणि पुढे दोन महिला अधिकाऱ्यांनी (२०२४-२५) 'तारिणी'तून अशा परिक्रमा केल्या. या मोहिमांवरील लेखन मुख्यतः धैर्य, एकाकीपणा आणि 'पहिला भारतीय', 'पहिल्या महिला' अशा बिरुदांभोवती फिरते. ते स्वाभाविकही आहे. तथापि महिनोन्‌महिने किनाऱ्यापासून दूर राहणारी नौका कशामुळे चालत राहते, हा प्रश्न या लेखनात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात या इतिहासाकडे एका लहान कामाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ते काम म्हणजे भर समुद्रात फाटलेले शीड हाताने शिवणे.

या कामाची निवड सहेतुक आहे. सागरी परिक्रमांमध्ये सर्वांत मानाचा प्रकार एकट्याने, न थांबता आणि बाहेरील साहाय्याविना केलेल्या परिक्रमेचा मानला जातो. यांतील 'साहाय्याविना' या अटीचा अर्थ फार काटेकोर आहे. वाटेत नवे शीड घ्यायचे नाही, दोरा घ्यायचा नाही, कारागिराला नौकेवर बोलवायचे नाही. म्हणजे ही अट पाळता येणे वा न येणे हे बव्हंशी खलाशाच्या दुरुस्तीच्या कौशल्यावर ठरते. धैर्य कितीही असले तरी फाटके शीड वारा धरत नाही.

कोल्हापूर आणि समुद्र

पेठ वडगाव व परिसरातील वाचकास हा विषय दूरचा वाटणे शक्य आहे. वारणाकाठच्या या गावाची ऐतिहासिक ओळख सरसेनापती धनाजी जाधव यांच्या समाधीशी निगडित आहे. १७०८ साली निधन पावलेल्या या सेनानीची कीर्ती घोडदळाची आहे, आरमाराची नव्हे. परंतु कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्याला समुद्रकिनारा होता, ही गोष्ट सह्याद्रीच्या अलीकडे राहून आपण विसरतो. मालवण आणि सिंधुदुर्ग दीर्घकाळ करवीर राज्याकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याचे 'फोर्ट ऑगस्टस' असे नामकरण केले आणि पुढे तो परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवणचा किनारा कोल्हापूरच्या हातून कायमचा गेला. इंग्रजांच्या कागदपत्रांत 'मालवणी चाचे' म्हणून ज्यांचा उल्लेख येतो, ते बहुधा याच राज्याचे दर्यावर्दी होत. 'चाचे' हा शब्द कोणाच्या सोयीचा होता, हे वेगळे सांगावयास नको.

याहून महत्त्वाचा दुवा ग्रंथरूप आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरचे छत्रपती संभाजी महाराज यांच्या कारकिर्दीत सिद्ध झाले. त्यातील आरमारविषयक प्रकरण राज्यशास्त्राचे अभ्यासक नेहमी उद्धृत करतात, ते आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानल्याबद्दल. पण त्याच प्रकरणात वाऱ्याचा आणि शिडाचा विचारही आहे. वाऱ्यामुळे आपली गलबते अडचणीच्या बाजूस पडली आणि प्रयत्न करूनही आवरेनाशी झाली, तर सामर्थ्य कितीही असले तरी शत्रूस न भिडता आपल्या जंजिऱ्याचा आश्रय घ्यावा, असा तेथे उपदेश आहे. पावसाळ्यातील आरमाराची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, असेही अमात्य सांगतात. त्यामागील त्यांची चिंता छावणीतील लोकांकडून किनाऱ्यावरील रयतेस होणाऱ्या उपद्रवाची आहे. डागडुजीच्या दृष्टीने पाहता ही छावणी आणखी एका कारणाने लक्षणीय ठरते. कोकणात पावसाळा हा होड्या, जाळी आणि शिडे दुरुस्त करण्याचा काळ असे. मराठा आरमार वर्षातून एकदा किनाऱ्याला परतत होते आणि किनाऱ्याचा कारागीर त्याच्या हाताशी होता. सागर परिक्रमेतील नौकेला ही सोय नाही.

शीड का फाटते

शिडावर येणारा वाऱ्याचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा नॉटचा वारा तीस नॉटचा झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून वारा वाढू लागताच शीड आखूड करणे, म्हणजे त्याचा खालचा भाग गुंडाळून बांधणे, हा खलाशाचा पहिला नियम आहे. परंतु शिडे नेहमीच वादळात फाटतात असे नाही. त्याआधी ती अनेक दिवस हळूहळू झिजत असतात. डोलकाठीच्या आडव्या आधारकाठ्यांवर आणि तारांवर कापड सतत घासले जाते. सूर्यप्रकाशाने दोरा कुजतो. नौका वळताना शीड वाऱ्यात फडफडते आणि त्या प्रत्येक फटकाऱ्याने शिवण थोडी सैल होते. शेवटी एखाद्या साध्या झुळुकीतही एक टाका तुटतो आणि सारा ताण शेजारच्या टाक्यावर येतो. मग तोही तुटतो. फाट जसजशी लांब होते, तसतसा तिच्या टोकाशी ताण अधिक एकवटतो. हाताएवढी फाट काही मिनिटांत शिडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोहोचू शकते, ती यामुळेच.

कापडाच्या इतिहासाचाही येथे संबंध आहे. जुनी शिडे ताग, अंबाडीवर्गीय तंतू किंवा सूत यांची असत. मुंबईतील डोंगरी भागाशी ज्याचे नाव जोडले जाते, ते 'डंगरी' नावाचे जाडेभरडे सुती कापड तंबू आणि शिडे यांसाठी वापरले जाई. सुती शीड ओले राहिले की त्यावर बुरशी येते, म्हणून ते काताच्या पाण्यात बुडवून काढीत. विड्यातील काताचा हा दुसरा उपयोग आज कोणाच्या स्मरणात नाही. एके काळी ब्रिटनमधील मच्छीमारही आपल्या शिडांसाठी भारत व ब्रह्मदेशातून गेलेला कात वापरीत. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिस्टरचा शोध लावला, आणि १९५० च्या दशकापासून टेरिलीन व डेक्रॉन या नावांनी ते शिडांसाठी वापरात आले. हे कापड कुजत नाही, ताणत नाही. पण त्याने एक नवी अडचण आणली. सुती कापड मऊ असल्याने टाका त्यात रुततो आणि घर्षणापासून वाचतो. पॉलिस्टरचे कापड इतके घट्ट व कडक असते की टाका त्याच्या पृष्ठभागावरच राहतो. परिणामी कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, असा प्रकार वारंवार घडतो. नव्या साहित्याने सुईची गरज कमी केली नाही.

दुरुस्तीची रीत

फाटलेले शीड प्रथम खाली उतरवावे लागते. एकट्या खलाशासाठी हेच काम सर्वांत धोक्याचे असते, कारण नौका डोलत असते आणि सुटलेले कापड चाबकासारखे अंगावर येते. संपूर्ण शीड केबिनमध्ये मावत नाही. फाटलेला भाग तेवढा आत ओढून घेतला जातो. त्यावर खारे पाणी वाळून मिठाचा थर बसलेला असतो. चिकटपट्टी लावायची तर हे मीठ गोड्या पाण्याने धुवावे लागते, आणि गोडे पाणी तर मोजून प्यायचे असते. पुढे कापड वाळणे आवश्यक. दक्षिण महासागराच्या हवेत ते आपोआप वाळत नाही.

प्रत्यक्ष शिवण्याची साधने फारशी बदललेली नाहीत. तिधारी टोकाची जाड सुई, मेण लावलेला दोरा, आणि तळहातावर चढवायचा चामड्याचा पट्टा. या पट्ट्यात अंगठ्याच्या मुळाशी धातूची खाचदार चकती बसवलेली असते. सुईचे मागचे टोक त्या चकतीवर टेकवून संपूर्ण तळहाताच्या जोराने सुई कापडातून पार केली जाते. वाकळ शिवणारी बाई बोटात टोपण घालते, त्याचाच हा थोरला भाऊ म्हणता येईल. शिडाच्या कोपऱ्यांवर कापडाचे अनेक थर एकावर एक असतात. तेथे सुई चालत नाही. कोल्हापुरी चपला करणारे कारागीर वापरतात तशा आरीने आधी भोके पाडावी लागतात.

फाटेच्या दोन कडा प्रथम हेरिंगबोन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आडव्यातिडव्या टाक्याने जवळ आणल्या जातात. टाका फार आवळला तर कापडाला चुणी पडते आणि शिडाचा आकार बिघडतो. फार सैल ठेवला तर तो उपयोगाचा नाही. त्यावर ठिगळ लावायचे. ठिगळाचा ताणा शिडाच्या ताण्याला आणि बाणा बाण्याला समांतर असला पाहिजे, हा येथील महत्त्वाचा नियम. तिरपे लावलेले ठिगळ वाऱ्याच्या दाबाखाली शिडापेक्षा वेगळ्या दिशेने ताणले जाते आणि स्वतःच्याच कडेवर नवी फाट सुरू करते. १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला तेव्हापासून हातकणंगले तालुक्याचे जीवन सुताशी बांधलेले आहे. ताण्याबाण्याची ही गोष्ट येथे समजावून सांगण्याची गरज नाही. ठिगळाच्या कडांवर टाक्यांच्या दोन ओळी येतात. एक हात लांबीच्या फाटीला काही तास लागू शकतात, आणि ही दुरुस्ती किती टिकेल हे पुढचा जोराचा वारा सांगतो.

मुंबईत बांधलेली 'सुहैली'

या कौशल्याचे जगाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतील तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईत कुलाबा येथे सागवानी लाकडाची एक नौका बांधून घेतली. विल्यम अॅटकिन यांच्या 'एरिक' या जुन्या आराखड्यावर, येथील सुतारांनी हाताच्या हत्यारांनी घडवलेली ही सुमारे बत्तीस फुटांची नौका डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. नाव 'सुहैली'. हे अरब खलाशी इराणच्या आखातातील आग्नेय वाऱ्याला देतात ते नाव.

१९६८ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'ने एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघालेले नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी परतले आणि शर्यत पूर्ण करणारे ते एकमेव ठरले. 'सुहैली' वेगवान नव्हती. प्रतिस्पर्ध्यांच्या नौकांच्या तुलनेत तिला जिंकण्याची आशा कोणी दिली नव्हती. ती परतली ती दुरुस्तीच्या जोरावर, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

अटलांटिकमध्ये तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत येऊ लागले, तेव्हा त्यांनी कॅनव्हासच्या लांब पट्टीवर सूत शिवून घेतले, समुद्रात बुडी मारली आणि ती पट्टी सांध्यावर खिळ्यांनी ठोकली. गळती बुजवण्यासाठीही शेवटी सुईच कामी आली. ऑस्ट्रेलियाजवळ नौकेचे स्वयंचलित सुकाणू कायमचे निकामी झाले. या घटनेचे महत्त्व शिडाच्या संदर्भात नीट लक्षात घेतले पाहिजे. त्यानंतरचा प्रवास त्यांनी शिडांचा तोल साधून, सुकाणूचा दांडा बांधून ठेवून केला. झोपेच्या वेळी नौकेला दिशा देण्याचे काम शिडे करीत होती. म्हणजे येथून पुढे शीड फाटणे हे वेग कमी होण्यापुरते उरले नाही. नौकेचे इंजिन आणि नौकेचे सुकाणू एकाच कापडात होते. त्यामुळे ते वारंवार शिवत बसत. एकदा शिवणकामात इतके गुंतले की दाढीमिशांतील मिशी दोऱ्यात अडकून शिडालाच शिवली गेली आणि झटक्याने उपटून सुटका करून घ्यावी लागली, हा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितला आहे. वाचकास हसू येते, पण पाहिले तर त्या वेळी नौकेवर त्यांना सोडवण्यास दुसरे कोणी नव्हते.

'म्हादेई' : चार थांबे आणि एकही थांबा नाही

भारतीय नौदलाच्या 'सागर परिक्रमा' या उपक्रमाची मूळ कल्पना निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी, म्हणजे समुद्रापासून बरेच आत, स्थायिक झालेल्या या दर्यावर्दीने भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असा आग्रह धरला. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. दिलीप दोंदे यांनी हे आव्हान स्वीकारले. गोव्यात दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छप्पन्न फुटांची 'म्हादेई' तयार झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या अनुभवाचा लाभ दोंदे यांना मिळाला, आणि मुंबईतून ब्रिटनला गेलेली नौकानयनाची एक परंपरा अशा रीतीने पुन्हा भारतीय किनाऱ्याशी जोडली गेली.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. वाटेत त्यांनी फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन येथे मुक्काम केले. या चार थांब्यांकडे काही वेळा कमीपणाने पाहिले जाते. ते योग्य नव्हे. नव्या नौकेच्या पहिल्या प्रदक्षिणेत कोठे घर्षण होते, कोणती शिवण आधी जाते, कोणता सुटा भाग किती लागतो, याची माहिती कोणाकडेच नव्हती. ती या थांब्यांमधून तयार झाली. अमात्यांच्या काळातील पावसाळी छावणी आणि हे थांबे यांचे काम मूलतः एकच होते.

अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच नौकेतून निघाले, २६ जानेवारी २०१३ रोजी त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला आणि ३१ मार्च २०१३ रोजी, सुमारे १५० दिवसांनी, कोठेही न थांबता ते मुंबईस परतले. एकट्याने व न थांबता प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. दोन्ही प्रवासांतील नौका एक, मार्गही बव्हंशी एक. फरक पडला तो दुरुस्तीच्या जागेत. दोंदे यांच्या वेळी जे काम बंदरात होऊ शकत होते, ते टॉमी यांना हलत्या केबिनमध्ये, हाताशी असलेल्या सुई, दोरा आणि कापडावर करणे भाग होते. 'न थांबता' या दोन शब्दांचा नौकेवरील प्रत्यक्ष अर्थ हा असतो.

या कौशल्याची मर्यादाही टॉमी यांच्याच पुढील प्रवासात दिसते. २०१८ मध्ये 'गोल्डन ग्लोब' शर्यत जुन्या पद्धतीने पुन्हा भरवली गेली. तिच्यासाठी गोव्यात 'सुहैली'ची प्रतिकृती बांधली गेली. तिचे नाव 'थुरिया'. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागरातील वादळात 'थुरिया'ची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांची सुटका केली. डोलकाठीच उरली नाही तर शीड शिवून काय करायचे? २०२२-२३ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले. नौकेची मोडतोड पुष्कळ झाली. शिडे फाटली, ती त्यांनी नौकेवरच हाताने शिवली. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांच्या प्रवासानंतर, त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पूर्ण केली. कण्यात धातूच्या पट्ट्या बसवलेल्या माणसाने डोलत्या नौकेवर तासन्‌तास वाकून शिवत बसणे म्हणजे काय, याची कल्पना शिवणकाम करणाऱ्यालाच येईल.

'तारिणी'

'म्हादेई'ची भगिनी नौका 'तारिणी' त्याच कारखान्यात बांधली गेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या व २१ मे २०१८ रोजी परतल्या. ठरलेल्या चार बंदरांव्यतिरिक्त त्यांना मॉरिशसला एक अनपेक्षित थांबा घ्यावा लागला, तो सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने. हा तपशील बोलका आहे. कापडाची दुरुस्ती कापडाने होते, दोऱ्याने होते. धातूचा तुटलेला भाग मात्र बहुतेक वेळा बंदराची वाट पाहतो. शीड हा नौकेचा सर्वांत नाजूक भाग असूनही खलाशाच्या हाताला सर्वांत अधिक वश असणारा भाग आहे.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीच 'तारिणी'तून निघाल्या आणि सुमारे २५,४०० सागरी मैलांचा प्रवास करून मे २०२५ च्या अखेरीस गोव्यात परतल्या. सहा जणींच्या नौकेवर एकीने सुईदोरा घेतला तर सुकाणू, टेहळणी, स्वयंपाक आणि झोप यांसाठी पाच जणी उरतात. दोघींच्या नौकेवर एक शिवत असेल तर दुसरीने सुकाणूवर असलेच पाहिजे, आणि त्या वेळेत झोप कोणाचीच होत नाही. एकट्या खलाशाने शिवायला बसायचे म्हणजे सुकाणू बांधून ठेवायचे, उरलेल्या शिडांवर भरवसा टाकायचा आणि अधूनमधून वर जाऊन क्षितिज पाहून यायचे.